मुद्देमाल एक हंडा पाणी

मी परिवीक्षा अधिकारी होते असं सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे पोलिसात का?" नाही म्हटलं की, "मग वकील?" तेही नाही. एखाद्याच्या हातून पहिल्यांदाच गुन्हा घडला आणि त्याला तुरुंगात टाकून कुणाचंच भलं होणार नाही असं न्यायाधीशांना वाटलं, तर ते त्याला चांगल्या वागणुकीच्या हमीवर घरी सोडू शकतात. कायद्यात तशी सोय आहे आणि ती चांगली जुनी आहे. अशा माणसाच्या घरी जायचं, तो कसा जगतो ते बघायचं, त्याला कामधंद्याला लावायचं आणि त्याचं पाऊल पुन्हा घसरू नये म्हणून त्याच्या पाठीशी उभं राहायचं, यासाठी सरकार ज्याला नेमतं तो परिवीक्षा अधिकारी. अख्ख्या जिल्ह्यात आम्ही इतके थोडे होतो की एका रिक्षात मावलो असतो. ऑफिस म्हणून मिळालेली जागा एका सरकारी इमारतीच्या जिन्याखाली होती.

आमचं घर कारकुनांचं. आजोबा निजामाच्या कचेरीत, वडील महसूल खात्यात. मी गुन्हेगारांच्या घरी जाते, त्यांच्याकडे चहा पिते, हे नात्यात कुणालाच रुचलं नाही. एका लग्नात आत्यानं चारचौघांत विचारलं होतं, "तुझ्या त्या चोरट्यांना सरकार एवढं डोक्यावर का घेतं गं?" मी गप्प बसले नाही, आणि पंगत नासवल्याचा ठपका घेऊन घरी आले. तेव्हापासून माझा राग घरात प्रसिद्ध आहे. नोकरीत तो कमी व्हायला हवा होता. उलट वाढत गेला. कशानं वाढला, ते एका बाईच्या केसवरून सांगते. तिचं नाव सांगणार नाही. बाकी घडलं तसं सांगते.

मराठवाड्यातल्या एका शहराला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्या दुष्काळातली ही गोष्ट. आमचं शहर तेव्हा औरंगाबादच होतं. जायकवाडीत गाळ दिसायला लागला होता. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही येईल तेव्हा. खेड्यांतून माणसं पोतं-पातेलं घेऊन शहरात येत होती, आणि शहर त्यांना कामं देत होतं, कारण शहराचं वाढणं काही थांबलं नव्हतं. जालना रोडनं चिकलठाण्याच्या पुढं गेलं की दोन्ही अंगांना उंच इमारती चढत होत्या. त्यांच्या जाहिरातींच्या फलकांवर निळाशार पोहण्याचा तलाव आणि त्यात हसणारं कुटुंब. त्या फलकाखालून मोकळे हंडे घेऊन बाया जायच्या. हे मी रोज बसच्या खिडकीतून बघत होते.

केस आली ती अशी. मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडच्या एका वस्तीत टँकरवर भांडण झालं होतं. एका बाईनं दुसरीला हंडा मारला. हंड्याचा काठ डोळ्याला लागला आणि तो डोळा गेला. मारणारीनं कोर्टात गुन्हा कबूल केला. तिला मोफत मिळालेल्या वकिलानं सांगितलं होतं, नाही म्हण, गर्दीत कुणाचा लागला कुणास ठाऊक. ती म्हणाली, "मारलाय तर नाय कसं म्हणू?" न्यायाधीशांना ते कुठंतरी भिडलं असावं. त्यांनी शिक्षा सांगायच्या आधी माझ्याकडून अहवाल मागवला, की ही बाई कोण, कशी आहे, हमीवर सोडण्याजोगी आहे का.

मी वस्तीत गेले तेव्हा दुपार होती. पत्र्याची खोली, आत चूल, दोन लहान मुली भिंतीला टेकून झोपलेल्या. ती पस्तिशीची, हाडापेरानं मजबूत. मला बघून तिनं पदर खोचला आणि आधी चहा ठेवायला उठली. कोपऱ्यातल्या कळशीतून तिनं पेला बुडवला, आणि कळशीच्या तळाला पेला घासल्याचा आवाज मी ऐकला.

"चहा नको," मी म्हटलं.

ती थांबली. "कामून? आमच्या इथला चालत नाय का?"

मग मी तो चहा प्यायले. इतका जिवावर आलेला चहा मी आयुष्यात दुसरा घेतलेला नाही.

"काम कुठं करता?" मी विचारलं.

"चिकलठाण्याच्या पुढं. बिल्डिंगवर."

"काय काम?"

"पाणी मारते."

मला कळलं नाही. तिनं समजावलं. "नवा स्लॅब पडला की त्याला पाणी पाजावं लागतं, मॅडम. नायतर तडकतो. सकाळी पाइप हातात घेते ती सांजेपर्यंत. खांबाला गोणपाट गुंडाळलेलं असतंय, ते वाळू द्यायचं नाय. वाळलं की सुपरवायझर बोंबलतो."

"तिथं पाणी कुठून येतं?"

"टँकरनं. रोज येतो. त्यो कंदी चुकत नाय."

गावाकडं हिच्या शेतातल्या विहिरीचा तळ दिसला, म्हणून ही शहरात आली. शहरानं हिला दिवसभर सिमेंटला पाणी पाजायला ठेवलं. संध्याकाळी ही घरी येते आणि तिच्या लेकींसाठी पाणी नसतं. ही व्यवस्था कुणी कागदावर आखलेली नव्हती. कुणी तसं आखलं असतं तर त्याला वेडा तरी म्हटलं असतं.

"तिथलं घरी आणत नाही?"

"एकदा बाटली भरली व्हती. सुपरवायझर म्हणला, कामाचं पाणी हाय, न्यायचं नाय. पुन्हा नाय भरली."

मग भांडणाचं विचारलं. ती माझ्याकडं न बघता सांगत गेली. टँकर लई दिवसांनी आला होता. त्याचा ड्रायव्हर कधी रांग लावू द्यायचा नाही. गाडी उभी केली की वर चढून लोक टाकीत पाइप सोडायचे, ज्याचा पाइप जाड त्याचं पाणी. ज्यांच्याकडं पाइप नाही त्या बाया मागच्या तोटीला हंडे लावायच्या. ही कामावरून धावत आली, हंडा लावला. शेजारच्या गल्लीतली एक बाई होती, साड्यांना फॉल लावून द्यायची, वस्तीत तिला फॉलवालीच म्हणायचे. तिनं हिचा हंडा उचलून मागं ठेवला.

"म्या म्हणलं, ठिव जाग्यावर. ती म्हणली, तू दिवसभर पाण्यात खेळती, तुला कशाची आलीय तहान. मंग मपलं डोकंच फिरलं."

"मारायचं होतं तुम्हाला?"

"मारायचं व्हतं, मॅडम. डोळा फोडायचा नव्हता."

इतकं खरं उत्तर मला त्या नोकरीत क्वचित मिळालं. मी अहवालात तेच शब्द तसेच लिहिले. शेवटी एक परिच्छेद पदरचा घातला: वस्तीत पाण्याची नीट सोय झाली नाही तर अशीच भांडणं पुन्हा होतील, आणि ती थांबवणं कुणा एका बाईच्या वागणुकीच्या हातात नाही.

न्यायाधीशांनी तिला माझ्या देखरेखीखाली हमीवर सोडलं. कोर्टाच्या बाहेर व्हरांड्यात फॉलवाली उभी होती. एका डोळ्यावर पांढरी पट्टी, सोबत म्हातारी सासू. तिनं मला अडवलं.

"तिला मॅडम भेटली," ती म्हणाली. "सरकारनं दिली. घरी येणार, इचारपूस करणार. मला काय भेटलं? मी सुईत दोरा कसा ओवू, सांगा. मपल्याकडं कोण येणार हाय?"

तिची सासू तिला ओढत होती. कायद्यानं मारणारीसाठी माणूस नेमला होता, मार खाणारीसाठी नेमला नव्हता. न्यायाधीश चांगले, कायदा चांगला, आणि तरी ही बाई व्हरांड्यात एका डोळ्यानं माझ्याकडं बघत उभी. मी म्हटलं, "मी येते तुमच्याकडं." त्या दिवसापासून मी एकाच केसमध्ये दोघींकडं जाऊ लागले. वरिष्ठांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "दुसरी आपल्या कक्षेत येत नाही." मी म्हटलं, "वस्ती एकच आहे सर, चालता चालता लागते."

त्यानंतरचे महिने मला आजही चीड आणतात. कोर्टानं तिला सोडलं होतं, पण तेवढं कोर्टानंच. ठेकेदाराला केसचं कळलं आणि त्यानं तिला कामावरून काढलं. "केसवाली बाई साइटवर नको," एवढंच कारण. वस्तीत टँकर आला की बाया तिला तोटीजवळ येऊ देत नव्हत्या. "लांब हो, आमचे डोळे फोडती का?" तिनं हंडा ठेवला की कुणीतरी लाथेनं उडवायचं. नवरा चिकलठाण्याच्या कारखान्यांत माल चढवायला पहाटे निघायचा, तो दमून परत येईपर्यंत टँकर येऊन गेलेला असायचा. मी वस्तीतल्या बायांना बसवून समजावायचा प्रयत्न केला. एकीनं मला तोंडावर विचारलं, "तुम्ही आमच्या बाजूच्या का तिच्या?" मी म्हटलं, पाण्याच्या. कुणी हसलं नाही.

आणि मग पोलीस ठाण्यातून फोन आला. तुमची बाई चोरीत सापडलीय.

मी रिक्षा करून गेले. ती बाकावर बसली होती, पायाशी पितळी हंडा. समोर साइटचा सुपरवायझर, हातात मोबाइल. जमादार वयस्क होते, दखनी वळणाची हिंदी आणि मराठी मिसळून बोलायचे.

"मॅडम, आप आए, अच्छा हुआ," ते म्हणाले. "ही बाई साइटच्या हौदातून पाणी चोरताना सापडली. आन ही तर हमीवर सुटलेली. आता तक्रार घेतली की हिची हमी खलास. सीधा अंदर."

"किती पाणी?" मी विचारलं.

"हा हंडा भरून."

मी तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "दोन दिस झाले, लेकींना पाणी नव्हतं. लाइनीत घेत नायत. म्हणलं, तिथं म्या रोज पाजलंय सिमेंटला, एक हंडा घेतला तर काय व्हतं."

सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, आज हंडा, उद्या बारा हंडे येतील. आम्ही टँकर विकत आणतो. मालकाचा फोन आलाय, केस करायची म्हणजे करायची."

मी खुर्ची ओढून जमादारांसमोर बसले.

"घ्या तक्रार," मी म्हटलं. "पण नीट घ्या. मुद्देमाल काय लिहिणार?"

"पाणी."

"ते जप्त करणार ना? सील लावून ठेवणार? कोर्टात हजर करेपर्यंत मुद्देमाल आटला तर जबाबदार कोण, तेही लिहा. आणि माझाही जबाब घ्या. त्या हौदातलं पाणी ज्या टँकरनं येतं, तो टँकर कुठल्या विहिरीवर भरतो, ते मला माहीत आहे. पिण्याच्या पाण्याची म्हणून प्रशासनानं ताब्यात घेतलेली विहीर आहे ती. ती विहीर कुणाच्या तोंडचं पाणी सिमेंटला देते, हेही त्याच पंचनाम्यात येऊ द्या."

हे मी हवेत बोलत नव्हते. वस्तीच्या भेटींतून टँकरवाल्यांशी बोलून मला ते कळलं होतं. सुपरवायझरचा चेहरा बदलला. तो मोबाइल घेऊन बाहेर गेला, बराच वेळ बोलला आणि परत आलाच नाही.

जमादारांनी पेन खाली ठेवला. "मॅडम, मी पण गावचा आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "मला काय हौस आहे का? पण वरून फोन आला की लिहावं लागतं." मग तिच्याकडं वळून म्हणाले, "जा बाई. हंडा घेऊन जा."

तिनं हंडा उचलला. भरलेलाच होता. तो डोक्यावर घेऊन ती ठाण्याच्या दारातून बाहेर पडली. माझ्या नोकरीत मी एका माणसाला तुरुंगापासून इतक्या थोडक्यात वाचलेलं पुन्हा पाहिलं नाही. ते वाचणं कशावर अवलंबून होतं? मी त्या दिवशी रजेवर नव्हते, यावर. याला जर कुणी पुनर्वसन म्हणत असेल तर त्यानं माझ्यासमोर म्हणू नये.

दुसऱ्या दिवशी मी वरिष्ठांकडं गेले. वस्तीत पाण्याच्या टाक्या बसवा असं पत्र खात्यातर्फे महापालिकेला जाऊ द्या, असं मी म्हटलं. ते भले गृहस्थ होते, निवृत्ती जवळ आलेली. त्यांनी चष्मा काढला. "बाई, आपलं काम समुपदेशन. माणसाच्या मनात बदल घडवायचा. पाणी हा आपला विषय नाही."

"सर, तिच्या मनात काय बदल घडवू? तहान लागू देऊ नको असं सांगू?"

"तुम्ही फार भावनेनं घेता."

मी एकटीच महापालिकेत गेले. तिथल्या साहेबांनी सांगितलं, वस्ती अनधिकृत आहे, तिथं कायमची सोय करता येत नाही. मी विचारलं, अनधिकृत वस्तीतल्या लोकांना कोर्टाची शिक्षा लागू होते ना? मग पाणी का नाही? साहेबांनी शिपायाला माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं. काचेच्या ग्लासात, झाकण घालून. मी ते प्यायले नाही, आणि त्याचं मला आजही बरं वाटतं, जरी त्यानं कुणाचाच फायदा झाला नाही.

मार्ग निघाला तो अगदी वेगळ्याच ठिकाणी. गुन्हे रोखण्यासाठी समाजकल्याणाच्या योजना, अशा विषयावर एका मोठ्या हॉटेलात कार्यशाळा होती. वातानुकूलित दालन, पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, प्रत्येकासमोर पाण्याची सीलबंद बाटली. बाहेरून आलेले एक तज्ज्ञ सकाळभर बोलले: संस्कार, मूल्यशिक्षण, ध्यानधारणा. गुन्हेगाराच्या मनातला क्रोध कसा शमवायचा, यावर त्यांनी पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. चहाच्या सुट्टीत सगळे उठले. टेबलांवर अर्ध्या-पाव प्यायलेल्या बाटल्या तशाच राहिल्या. हॉटेलचा माणूस काळी पिशवी घेऊन आला आणि त्या बाटल्या, पाण्यासकट, पिशवीत टाकू लागला.

सुट्टी संपल्यावर प्रश्नोत्तरं होती. मी उभी राहिले. खूप बोलायचं ठरवलं नव्हतं, पण एकदा सुरू झाल्यावर थांबता आलं नाही. मी फॉलवालीचा डोळा सांगितला, सिमेंटला पाणी पाजणारी बाई सांगितली, ठाण्यातला हंडा सांगितला. शेवटी म्हटलं, "आत्ता सुट्टीत या दालनातून जेवढं पाणी फेकलं गेलं, तेवढं त्या दिवशी टँकरच्या मागे असतं तर ही केस झाली नसती. क्रोध शमवायचा असेल तर आधी तोटी बसवा. मग ध्यान शिकवा."

आमच्या वरिष्ठांनी मान खाली घातली. तज्ज्ञ म्हणाले, हा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण आजच्या विषयाच्या चौकटीत बसत नाही. आणि पुढचं सत्र सुरू झालं.

जेवणाच्या वेळी मागच्या रांगेत बसलेल्या एक बाई माझ्याजवळ आल्या. गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणारं सरकारी कार्यालय असतं, त्याच्या सचिव. स्वतः न्यायाधीश. वय माझ्याहून कमीच. "तुम्ही मला हे सगळं अर्ज करून द्याल का?" त्यांनी विचारलं. "पाण्याचा अर्ज त्या वस्तीच्या वतीनं, आणि नुकसानभरपाईचा त्या डोळा गेलेल्या बाईच्या वतीनं. माझ्या कक्षेत दोन्ही येतात."

मला त्या क्षणी आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. इतके महिने मी ज्या दारांवर डोकं आपटत होते, त्यांतल्या एकानंही मला सांगितलं नव्हतं की असं एक दार आहे. आणि मी सरकारी अधिकारी! वस्तीतल्या बाईला ते कुणी सांगितलं असतं?

पण काम झालं. त्या न्यायाधीश बाईंनी महापालिकेच्या साहेबांना आपल्या दालनात बोलावलं. कायमची सोय करता येत नसेल तर तात्पुरती करा, म्हणाल्या. पंधरवडा उलटायच्या आत वस्तीच्या तोंडाशी विटांचा ओटा झाला, त्यावर काळ्या प्लास्टिकच्या टाक्या बसल्या, खाली तोट्या. टँकरनं टाक्या भरायच्या, मग गल्लीवार पाणी सोडायचं. पाइप टाकीत सोडायला बंदी. बस्स, एवढंच. त्याच्यासाठी ना धरण लागलं, ना कायदा बदलावा लागला. एखाद्या मध्यम लग्नाच्या मांडवाला जेवढी खटपट लागते तेवढीही लागली नाही. आणि ह्याच्यावाचून एका बाईचा डोळा गेला होता आणि दुसरी तुरुंगाच्या दारातून परत आली होती.

टाक्यांची किल्ली कुणाकडं ठेवायची यावरून वस्तीत पुन्हा गलका झाला. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "फॉलवालीकडं द्या. तिच्यासंगं भांडायची कुणाची टाप नाय." ते सगळ्यांना पटलं. फॉलवाली आधी नको म्हणाली, मग पट्टी सारखी करत किल्ली घेऊन कमरेला खोचली.

पहिल्या दिवशी पाणी सोडताना मी मुद्दाम गेले होते. आपापल्या गल्लीच्या पाळीनं बाया येत होत्या. हंडा मारणारीच्या गल्लीची पाळी आली तेव्हा ती सगळ्यांच्या मागं उभी राहिली, हंडा दोन्ही हातांनी पोटाशी धरून. पुढच्या बाया भरून गेल्या. ती तोटीपाशी आली. फॉलवाली ओट्यावर बसली होती. दोघी एकमेकींकडं बघेनात.

फॉलवालीनं तोटी उघडली नाही. म्हणाली, "हंडा ठिव. आन मागं सर."

तिनं हंडा ठेवला आणि मागं सरली. फॉलवालीनं स्वतः खाली उतरून हंडा तोटीखाली धरला, काठोकाठ भरला, आणि बाजूला सरकवला. "ने," म्हणाली. दुसरा शब्द नाही.

मला वाटत होतं की आता कुणी रडेल, कुणी पाया पडेल. तसलं काही झालं नाही. पुढंही त्या दोघी कधी बोलल्याचं मी ऐकलं नाही. फॉलवालीला घाटीच्या सरकारी दवाखान्यात काचेचा डोळा बसवला, भरपाई मिळाली, पण बारीक सुईचं काम गेलं ते गेलंच. ती जाड कापडाच्या पिशव्या शिवू लागली. एकदा मी तिला विचारलं, तुम्ही तिला माफ केलं का? ती मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "माफ कशाला करू? पर पाणी अडवून काय मपला डोळा येणार हाय का?" मी नंतर समुपदेशनाच्या बऱ्याच प्रशिक्षणांना बसले. यापेक्षा शहाणं वाक्य तिथं ऐकलं नाही.

हंडा मारणारीच्या कामाचा प्रश्न राहिला होता. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत माणसं हवी होती, पण प्रत्येक गेटवर पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागत. हमीवर सुटलेल्या माणसाच्या नोकरीवर त्या शिक्षेची आच येऊ नये, असा कायद्याचा हेतू आहे. मी कायद्याचं पुस्तक काखेत मारून गेटागेटावर गेले. सुरक्षारक्षक पुस्तक उघडायचेही नाहीत. "मॅडम, कंपनीची पॉलिसी," एवढंच. संसदेनं केलेला कायदा शेंद्र्याच्या गेटवर एका खाकी टोपीखाली संपत होता.

अखेर तिला काम दिलं ते तिथल्याच गावच्या बायांच्या एका बचत गटानं. त्या एका कारखान्याचं कँटीन चालवायच्या. गटाची प्रमुख शेतकरी घरातली बाई, तिच्या सासऱ्याची जमीन त्या वसाहतीत गेलेली. मी तिला सगळं खरं सांगितलं, हंड्यापासून. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाकरी येती का तिला थापायला?"

"येते."

"मंग उद्या सकाळी पाठवा. आमच्यात कुणाच्या हातून काय झालेलं नाय, कुणी सांगावं?"

ती गेली आणि टिकली. तिच्या हमीचा काळ कसलाही बट्टा न लागता संपला. मी शेवटचा अहवाल कोर्टात दिला, तेव्हा न्यायाधीश बदललेले होते. नव्यांनी वाचून सही केली. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, तरी ती गावी परत गेली नाही. शेंद्र्याजवळच भाड्यानं खोली घेतली. मुली तिथल्या शाळेत जाऊ लागल्या.

मुकुंदवाडीपलीकडची ती वस्ती मात्र राहिली नाही. रस्ता रुंद करायचा होता. ओटा पहिल्याच दिवशी पाडला. लोकांना शहराच्या दुसऱ्या टोकाला नेऊन सोडलं. तिथं पाण्याची सोय नंतर करू म्हणाले. ती केव्हा झाली मला माहीत नाही, कारण माझी बदली झाली होती. त्यानंतर महिन्याभरात मी ऐकलं की नव्या जागेत टँकरवर मारामारी झाली. कुणाला किती लागलं ते सांगणाऱ्यालाही माहीत नव्हतं. इतकं साधं, इतकं स्वस्त उत्तर एकदा सापडलेलं असताना ते बुलडोझरखाली घालायचं, आणि मग वर्तमानपत्रात वाढत्या गुन्हेगारीबद्दल चिंता व्यक्त करायची! ती चिंता व्यक्त करणाऱ्यांचे फोटो मी पाहिले आहेत. त्यांच्या टेबलांवर बाटल्या असतात.

माझ्या जागी कुणी आलं नाही. भरती बंद होती. जिन्याखालच्या त्या ऑफिसात नंतर जुने पंखे ठेवले, असं कळलं.

काही वर्षांनी एका दुपारी तिचा फोन आला. तिच्या कँटीनमधल्या एका बाईच्या भावाला चोरीच्या केसमध्ये पकडलं होतं. पहिलीच चूक, कोवळं वय, घरी म्हातारी आई.

"मॅडम, त्याला तुमच्यासारखं कुणी भेटलं तर सुधरंल," ती म्हणाली. "आता त्या हापिसात कोण असतंय? कुणाकडं पाठवू?"

मी तिला त्या मोफत कायदेशीर मदतीच्या कार्यालयाचा पत्ता सांगितला. ती म्हणाली, तिथं वकील भेटंल मॅडम, पर घरी कोण येईल?